गंगाळावरचं नाव

लेकीच्या आंदणातल्या तांब्याच्या गंगाळावर मी माझ्या गेलेल्या पोराचं नाव टाकलं. बायकोनं टाकू नका म्हणून बजावलं होतं, तरी टाकलं. मग ते खोडायला गेलो आणि गंगाळ फोडलं. हकीकत एवढीच आहे. पण मी सांगायला बसलो की सरळ हकीकतही आडवाटेनं जाते, त्याला माझा इलाज नाही.

हिंगणघाटात आमचं भांड्यांचं दुकान आहे. मागे दोन खोल्या, तेच घर. वडिलांच्या वेळी तांबं-पितळ जास्त खपायचं, आता स्टील खपतं. एक गोष्ट मात्र तशीच आहे. गिऱ्हाइकानं भांडं पसंत केलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "नाव टाकून देता ना?" लग्नातला आहेर असो, वास्तूचा असो की तेरवीला वाटायचे पेले असोत, देणाऱ्याचं नाव भांड्यावर पाहिजेच. वडील छिन्नी-हातोडीनं ठोकून नाव टाकत. मी विजेच्या पेनानं टाकतो. ते पेन भुंग्यासारखं गुणगुणतं आणि संध्याकाळी जेवायला बसलो तरी बोटांत त्याची थरथर राहते.

आमची पद्धत अशी. गिऱ्हाईक चिठ्ठीवर मजकूर लिहून देतं. चिठ्ठी गल्ल्यावर बायकोकडे जाते. ती मोठ्यानं वाचते, गिऱ्हाइकाकडून हो म्हणवून घेते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "हं, टाका." तिच्या "हं"शिवाय पेन सुरू करायचं नाही. कागदावरचं खोडता येतं, पत्र्यावरचं येत नाही, म्हणून हा नियम.

नियम माझ्या कर्तबगारीमुळे झाला. एका गुरुजींच्या निवृत्तीची समई आणि एका तेरवीचे पेले एकाच दिवशी माझ्याकडे आले होते. मी समईवर गुरुजींच्या नावापुढे "यांच्या स्मरणार्थ" टाकून दिलं. भर सभेत समई उघडली गेली. गुरुजी अजून ठणठणीत आहेत. बाजारात दिसले की लांबूनच हात वर करतात आणि ओरडतात, "हाय बरं अजून!"

आता वाकाटकांकडे येतो, कारण सगळी भानगड त्यांच्यापासून सुरू झाली.

कॉलेजातले इतिहासाचे एक सर दुकानात आले. त्यांच्या एका सहकाऱ्याला निरोप द्यायचा होता आणि भेट म्हणून त्यांना वाकाटकांच्या ताम्रपटाची नक्कल हवी होती. सोबत फोटो होते. "तुमचा हात चांगला आहे," सर म्हणाले. त्यावरून एवढंच कळलं, की त्यांची आणि गुरुजींची ओळख नाही.

पंधराशे वर्षांपूर्वी आमच्या या विदर्भावर वाकाटकांचं राज्य होतं. राजवाडे गेले, लाकूडकाम गेलं, माणसं तर गेलीच. राहिली ती काही लेणी-देवळं, दगडावरचे थोडे लेख आणि हे तांब्याचे पत्रे. राजानं गाव दान दिलं की पत्र्यावर कोरून द्यायचं, पत्र्यांना भोक पाडून कडी घालायची, कडीवर मुद्रा. या घराण्याबद्दल आज जे काही कळतं, कोण कोणाचा मुलगा, कोणाची सोयरीक कुठे, कोणतं गाव कोणत्या नदीच्या काठी, त्यातलं बरंचसं या दानाच्या पत्र्यांवरून. दौऱ्यावर आलेल्या सरकारी माणसानं दान दिलेल्या गावाकडून चारा मागायचा नाही, बसायला कातडं मागायचं नाही, कोळसा मागायचा नाही, हेसुद्धा त्यात लिहिलेलं असतं. हे मी आमच्या तलाठ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "कोळसा कोन मांगते आता?"

त्यांची अक्षरं मोठी गमतीची. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटा चौकोन. पहिले दोन-चार पत्रे मी त्या चौकोनांच्या पायी वाया घालवले. पोरगा तेव्हा शाळेत होता. माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, "बाबा, हे सारे अक्षरं घमेले घेऊन कामावर चालले काऊन?" झालं. तेव्हापासून मला ती अक्षरं दिसतच नाहीत, घमेली घेतलेल्या मजुरांची रांगच दिसते.

त्यातल्या बऱ्याच पत्र्यांवर सुरुवातीलाच एक शब्द असतो, "दृष्टम्". म्हणजे पाहिलं. कोणीतरी मजकूर डोळ्यांखालून घातला, ठीक आहे, असा शेरा. सरांनी हे सांगितलं तेव्हा मी पेन टाकून गल्ल्याकडे धावलो.

"आवं, तुयं 'हं' हाय हे! पंधराशे वर्साआंधीचं!"

"मंग त्यायचे गुरुजी वाचले असतीन," बायको म्हणाली आणि सुट्टे मोजू लागली.

मला वाकाटकांचं वेड लागलं ते असं. पोरगा माझा एकुलता एक शागीर्द. सुट्टीच्या दिवशी आम्ही बाप-लेक मोटरसायकलवर पवनारला जायचो. वाकाटकांची राजधानी तिथे होती असं काही अभ्यासक म्हणतात, काही नाही म्हणतात. मी म्हणणाऱ्यांच्या बाजूचा, कारण पवनार जवळ पडतं. धाम नदीच्या काठावर मी विटांचे तुकडे हुंगत फिरायचो. एकदा मला मुद्रा सापडली. गोल, जड, काठावर अक्षरांसारखं काहीतरी. मी रुमालात गुंडाळून ती आणली आणि सरांना फोन लावायला निघालो. पोरानं ती चिंचेनं घासली. ती कुठल्या तरी पंपाच्या नळीचं झाकण होतं आणि त्यावर कंपनीचं नाव होतं. पोरगा हसून हसून ओट्यावर आडवा झाला. नंतर कितीतरी दिवस जेवताना मला विचारायचा, "बाबा, पंप कोन्या राजानं बसवला म्हनता?"

सगळ्यात मोठी गोष्ट मला राणीची वाटायची. गुप्त सम्राटाची ही लेक वाकाटकांच्या घरी दिली. नवरा लवकर गेला, पोरं लहान. हिनं राज्य सांभाळलं आणि आपल्या नावानं ताम्रपट दिले. त्यात आधी माहेरची वंशावळ, गोत्रसुद्धा माहेरचं. तिचा एक ताम्रपट पुण्यातल्या एका तांबटाकडे निघाला होता. आमच्या धंद्याच्या माणसाकडे! त्यात जे गाव दान दिलं आहे ते म्हणजे आमचं हिंगणघाट, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. हे कळल्यावर मी कितीतरी दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं, की बाबा रे, तू राणीनं दान केलेल्या गावात उभा आहेस. एक जण म्हणाला, "मंग नळाले पानी काऊन येत नाई, तिले इचारा ना."

त्या ताम्रपटाच्या मुद्रेवर ती स्वतःला काय म्हणवते? युवराजाची आई. युवराजाच्या आईची ही आज्ञा, असं. आत पोराचं नाव कोरलेलं.

मग माझा पोरगा गेला. नागपूरला शिकायला होता, ताप आला आणि गेला. यापुढे या विषयावर मला लिहिता येत नाही, लिहून पाहिलं. त्याचं नावही मी इथे टाकत नाही. हे लिखाण वाचून अजून कोणी "हं" म्हटलेलं नाही.

तेरवीच्या आधी नातेवाइकांनी विचारलं, पेले वाटायचे ना? दुकान तर घरचंच. साऱ्या गावाचे "स्मरणार्थ" आम्हीच टाकलेले. बायको म्हणाली, "नाई." मी समजावलं, माझ्या भावानं समजावलं. "नाई म्हनलं ना," एवढंच. पेले वाटले नाहीत. गावात बोलणं झालं, की भांडेवाल्यांचा हात गिऱ्हाइकासाठीच मोकळा, घरच्या मेल्यासाठी पेला सुटला नाही. ते आमच्या कानावर आलं. तिनं ऐकलं आणि गल्ल्यावर जाऊन बसली.

त्या दिवसापासून तिनं त्याचं नाव घेतलं नाही. आधी "तो" म्हणायची, मग तेही बंद झालं. नाव तसं घरोघरचं, दर लग्नसराईत दोन-चार चिठ्ठ्यांवर यायचंच. अशी चिठ्ठी आली की ती गिऱ्हाइकापुढे सरकवायची. "तुमीच वाचा बाप्पा, मले चष्मा लागत नाई धड." गिऱ्हाईक वाचायचं, ती माझ्याकडे न बघता मान हलवायची, मी पेन सुरू करायचो. चष्मा तिच्या नाकावरच असायचा.

आणि मी काय केलं? व्याख्यानं द्यायला लागलो. घरात त्याच्याबद्दल बोलता येत नव्हतं, म्हणून बाहेर बोललो. शाळा, वाचनालयं, जिथे बोलावतील तिथे. वर्ध्याला नालवाडीत ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत माझं बोलणं ठेवलं होतं. बायकोची बहीण तिथेच राहते, म्हणून तीही सोबत आली आणि दुसऱ्या रांगेत बसली. मी घमेल्यांचा विनोद केला, हशा आला. तलाठ्याचा कोळसा सांगितला, आणखी हशा. मग राणी घेतली. म्हटलं, मंडळी, पहिल्या ताम्रपटात ही थोरल्या युवराजाची आई आहे. पुढच्या काळातला ताम्रपट बघा. तिथे ती दुसऱ्या दोन मुलांची आई आहे. थोरल्याचं नाव नाही. बहुतेक तो लहानपणीच गेला असावा.

इथे थांबलो असतो तर माणूस म्हणून खपलो असतो. पण सभा रंगली होती. मी हात वर करून म्हणालो, "राणी व्यवहारी होती! जो गेला त्याचं नाव गाळलं आणि राज्य पुढे नेलं. दुःख कुरवाळत बसली नाही."

दुसऱ्या रांगेतून ती उठली आणि गेली. लोकांना वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या. बाहेर आलो तेव्हा ती फाटकापाशी उभी होती. बहिणीकडे जायचं नाही म्हणाली. आम्ही हिंगणघाटची बस धरली. बस निघाल्यावर माझं लक्ष गेलं, तिच्या एका पायात तिची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात कुण्या दुसऱ्याच बाईची. तिलाही ते दिसलं. तिनं तो पाय सीटखाली ओढला.

खिडकीबाहेरच्या तुरीकडे बघत ती म्हणाली, "तिनं काय लिवाचं होतं मंग?"

"कोनं?"

"तुमच्या रानीनं."

तेवढ्यात कंडक्टर आला, मी तिकिटं काढली आणि सुटल्यासारखं वाटलं.

पुढे लेकीचं जमलं. कारंज्याचं, घाडग्यांचं कारंजा म्हणतात त्या गावचं घर, संत्र्याचा बगिचा, माणसं बोलायला मोकळी. लग्नाची तारीख निघाली आणि दुकानात आंदणाची भांडी बाजूला पडू लागली. आता आमच्या घरची एक रीत आहे. आंदणातलं गंगाळ भावानं द्यायचं आणि त्यावर भावाचं नाव टाकायचं. माझ्या आत्याच्या गंगाळावर माझ्या वडिलांचं नाव आहे, माझ्या बहिणीच्या गंगाळावर माझं. माझंच नाव मी इतकं वाकडं टाकलं, की बहीण अजून ती बाजू भिंतीकडे ठेवते.

मी बायकोला म्हटलं, "गंगाळावर त्याचं टाकू."

"नाई."

"रीत हाय आपली."

"पुतन्याचं टाका. नाई तं कोरंच जाऊ द्या."

"लग्नात कुठं तरी तो असावा, एवढंच म्हनतो मी."

ती भांडी पुसत होती. पुसणं थांबलं नाही. "गंगाळाले हात लावू नका, सांगून ठेवते," म्हणाली.

माझी समजूत अशी, की मी बरोबर आणि ती दगड. मला वाटायचं, आपण नाव कोरलं नाही तर त्या राणीच्या पोरासारखं आपलंही पोरगं गळून जाईल. पंधराशे वर्षांनी कोणी भांडेवाला व्याख्यान देईल आणि म्हणेल, हे कुटुंब व्यवहारी होतं. आमचं गंगाळ कोण वाचणार, हा प्रश्न मला पडला नाही. मला असे प्रश्न नंतर पडतात.

बायको बहिणीसोबत गिरडला गेली. लेकीच्या लग्नाआधी दर्ग्यावर चादर चढवायचं ती बोलून बसली होती. लेक कपड्यांच्या खरेदीला गेलेली. दुपारी बाजार थंड होता. मी शटर अर्धं ओढलं आणि गंगाळ मांडीवर घेतलं.

चिठ्ठी लिहिली नाही. कोणी वाचली नाही. कोणी "हं" म्हटलं नाही. थेट पेन सुरू केलं. एरवी चार अक्षरं टाकायला मला किती वेळ लागतो! पण त्या दिवशी हात आवरत नव्हता. दोन अक्षरं नीट आली, पुढची उताराला लागली. डोळे पुसून पाहिलं तर नाव चालत चालत खाली निघालेलं. डोक्यावर घमेलं नव्हतं तेवढंच.

संध्याकाळी ती आली. हातात प्रसादाची पुडी होती. गंगाळ मी गोणपाटाखाली लपवलं होतं, आणि गोणपाट अशा जागी ठेवलं होतं, जिथे आमच्या दुकानात गोणपाट कधीच नसतं. तिनं ते उचललं. बसली. चष्मा वर केला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं, अगदी हळू. वाचलं नाही.

मला वाटलं, रडेल. मला वाटलं, भांडेल. मी दोन्हीची तयारी केली होती.

"भांड्यावर नाव कवा टाकतेत?" ती म्हणाली.

मी गोणपाटाची घडी घालू लागलो.

"देऊन टाकाचं असलं की टाकतेत. अमक्याकडून तमक्याले, स्मरनार्थ, आहेर. सारं देऊन टाकाचंच. मले नाई देऊन टाकाचा तो. पेले काऊन नाई वाटले मी? तुमाले वाटलं, हिले आठौन नाई येत."

एवढं बोलली आणि आत गेली. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज नाही, नळाचा आवाज नाही, काहीच नाही.

मी तिथेच बसलो आणि काय आठवलं म्हणाल तर राणी आठवली. ताम्रपट म्हणजे दानपत्र. जे दिलं तेच तांब्यावर आलं. गाव दिलं, जमीन दिली, सगळं कोरून दिलं. तिच्याजवळ जे राहिलं त्याचा पत्रा कोण करणार? थोरल्याचं नाव नाही यावरून मी नालवाडीला तिला व्यवहारी ठरवून मोकळा झालो होतो. हे माझं म्हणणं सरांना सांगितलं, तर ते पुरावा मागतील आणि माझ्याकडे पुरावा नाही. वंशावळीत जो राजा झाला त्याचंच नाव येतं, एवढी साधी गोष्टही असेल. पण त्या संध्याकाळी मला त्या बाईची माफी मागावीशी वाटली. दोन्ही बायांची.

माफी मागायची सोडून मी हातोडी घेतली.

त्याचंही शास्त्र होतं माझ्याकडे. वाकाटकांच्या काही पत्र्यांवर जुना मजकूर ठोकून बुजवलेला आणि त्यावर नवा कोरलेला दिसतो. म्हटलं, त्यांना जमलं ते आपल्याला का जमू नये? आतून लाकडाचा ठोकळा लावला आणि बाहेरून ठोकायला लागलो. ठक, ठक, ठक. मागच्या खोलीत ती बसली आहे आणि मी तिच्या पोराच्या नावावर हातोडी चालवतो आहे, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा निम्मं ठोकून झालं होतं. तिथे थांबावं की पुरं करावं, ते कळेना. पुरं करायला गेलो. शेवटच्या अक्षरापाशी पत्रा चरकन फाटला.

ती दारात येऊन उभी होती. कधीची, कोण जाणे. फाटलेल्या जागेकडे तिनं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चहा ठेवला हाय," म्हणाली.

लेक खरेदीच्या पिशव्या घेऊन आली आणि गंगाळ बघून पिशव्यांसकट खाली बसली. "बाबा, हे काय करून ठेवलं?"

मी सांगू लागलो, की जुन्या काळीसुद्धा अशी अक्षरं बुजवत, आणि बुजवली तरी खालच्या अक्षरांच्या खुणा राहत.

"त्यायच्यात पानी भराचं नव्हतं, बाबा," ती म्हणाली. आणि मग तिला रडू आलं. मलाही आलं. ती माझ्या हातातली हातोडी काढून घेत होती आणि मी उगाच धरून ठेवत होतो.

मी म्हटलं, तडा झाळून बुजवून देतो, नाही तर दुसरं गंगाळ देतो, दुकान भरलेलं आहे. ती म्हणाली, "झाळू नका. दुसरं बी नोको. हेच नेते मी." आईकडे न बघता म्हणाली. आई ऐकत होती. आई नाही म्हणाली नाही.

लग्नाच्या दिवशी आंदण मांडलं तेव्हा ते गंगाळ बायकोनं स्वतः मांडलं, फाटलेली बाजू भिंतीकडे. माझ्या बहिणीनं ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, जशी आजाऱ्याला पाहून हलवतात.

कानपिळीची वेळ आली. भटजी म्हणाले, नवरीच्या भावाला बोलवा. आणि मी मांडवाच्या दाराकडे पाहिलं. काय गरज होती? पुतण्या माझ्या शेजारीच उभा होता, फेटा बांधून. तो पुढे झाला, त्यानं जावयाचा कान पिळला, लोक हसले, फोटो निघाले. मी बायकोकडे पाहिलं. ती दाराकडेच पाहत होती.

काही महिन्यांनी आम्ही दोघं कारंज्याला गेलो. विहीणबाईंनी संत्र्यांची टोपली पुढे ठेवली आणि मोठ्या उत्साहानं परसात नेलं. "तुमच्या गंगाळाची लय सोय झाली, बाई! इतं नळाखाली ठेवलं, त्याच्यातून आपोआप मोगऱ्याले पानी जाते. मुद्दाम तसं करून देल्लं काय?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायची संधी मी वाया घालवत नाही.

नळ थेंब थेंब गळत होता, गंगाळ भरलेलं होतं आणि तड्यातून पाण्याची बारीक धार मोगऱ्याच्या आळ्यात जात होती. लेकीनं ती बाजू भिंतीकडे ठेवली नव्हती. उलट चिंच-मीठ लावून तेवढीच बाजू घासलेली, लखलखीत. ठोकलेल्या खळग्यांच्या मधून अक्षरं वर आली होती. बुजली होती, पण दिसत होती. उताराला लागलेली, शेवटचं तड्यानं चिरलेलं.

विहीणबाई चहा टाकायला आत गेल्या. लेक दारात उभी राहिली. बायको गंगाळाजवळ उकिडवी बसली. चष्मा नाकावर नीट बसवला. ओल्या बोटानं पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली आणि गल्ल्यावर बसून वाचायची तसं, मोठ्यानं, एक एक अक्षर लावत, तिनं नाव वाचलं.

तिच्या तोंडून ते ऐकून किती काळ लोटला होता. लेकीनं तोंडाला पदर लावला. मी नळाकडे पाहत राहिलो, जणू तो बंद करायचं माझ्या मनात होतं.

तिनं पुन्हा एकदा वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलवत. "हं," म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, पदरानं बोट पुसलं आणि माझ्याकडे वळून बघत म्हणाली, "तुमाले ना धड टाकता आलं, ना धड खोडता आलं."